सरदार मोडले असे म्हणायचे, तर त्यांची करमाफी १७८९ पर्यंत कशी टिकली?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. युरोपातील अनियंत्रित राजसत्तेचा भाग आला की वर्षानुवर्षे मी एकच साखळी फळ्यावर लिहीत आले आहे. आपसांतल्या लढायांत सरंजामी सरदार खचले, तोफांपुढे त्यांच्या गढ्या टिकल्या नाहीत, व्यापारी मध्यमवर्गाने राजाला पैसा पुरवला, राजाने पगारी फौज उभी केली, सरदारांना मोडून काढले आणि त्यातून राष्ट्र-राज्य जन्माला आले. मुले ही साखळी पाठ करतात आणि तिला परीक्षेत गुणही मिळतात.

गेल्या आठवड्यात एका मुलीने विचारले, "मॅडम, राजाने सरदार मोडून काढले होते, तर पुढच्या धड्यात फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी कर न भरणारे उमराव कुठून आले?" मी तिला उद्या सांगते म्हणाले. चार दिवस झाले, पण मला स्वतःला पटेल असे उत्तर अजून सापडलेले नाही. दोन्ही धडे मी अनेकदा शिकवले आहेत, दोन्ही एकाच देशाचे आहेत, आणि तरीही त्यांच्यातली ही विसंगती एका सोळा वर्षांच्या मुलीने दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

त्याच अनुषंगाने दुसरा प्रश्न असा की चौदाव्या लुईच्या फ्रान्सला राष्ट्र-राज्य म्हणणे कितपत बरोबर आहे? आपल्याकडे नोट्समध्ये 'अनियंत्रित राजसत्ता' आणि 'राष्ट्र-राज्य' हे शब्द एकाच दमात येतात, जणू एक आले की दुसरे आलेच. जाणकारांनी सविस्तर लिहावे. परीक्षेपुरते उत्तर मला नको आहे.

पांझराकाठ

ताई, मी धुळ्याचा, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला शिक्षक. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा, कारण तिने नेमका तो सांधा पकडला आहे जिथे आपली पाठ्यपुस्तकी साखळी तुटते. थोडे विस्ताराने लिहितो.

राजाने सरदारांकडून काय काढून घेतले आणि काय त्यांच्याकडे राहू दिले, हे वेगवेगळे पाहिले की कोडे सुटू लागते. फ्रान्समध्ये इंग्लंडशी चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात, १४३९ मध्ये, सातव्या चार्ल्सने असा हुकूम काढला की सैन्य उभारण्याचा आणि त्यासाठी रयतेवर पट्टी बसवण्याचा अधिकार राजाखेरीज कोणालाही नाही. पुढे १४४५ मध्ये त्याने घोडदळाच्या १५ कायम तुकड्या उभ्या केल्या, प्रत्येक तुकडीत १०० भाले, आणि एका भाल्यामागे सहा माणसे. युद्ध १४५३ मध्ये संपले, पण फौज घरी गेली नाही आणि तिच्यासाठी बसवलेला 'ताय' नावाचा करही उठला नाही. राजा तो दरवर्षी, कोणत्याही राष्ट्रीय सभेची संमती न घेता, वसूल करू लागला.

आता प्रश्न असा की तलवार हाती असलेल्या सरदारांनी हे होऊ कसे दिले? त्यांनी होऊ दिले, कारण हा कर त्यांच्यावर नव्हताच. आम्ही राजाला रक्ताने सेवा देतो, पैशाने नाही, ही त्यांची जुनी भूमिका राजाने मान्य केली आणि कराचे ओझे शेतकऱ्यावर टाकले. म्हणजे ज्या क्षणी राजाला मनमानी कर बसवण्याची ताकद मिळाली, त्याच क्षणी उमरावांची करमाफी पक्की झाली. अनियंत्रित सत्तेच्या तावडीतून करमाफी चुकून निसटली, असे घडलेले नाही. ती सत्ता उभी राहावी म्हणून राजाने मोजलेली ती किंमत होती. तुमच्या विद्यार्थिनीला माझे उत्तर एका वाक्यात द्यायचे असेल, तर ते हेच.

काढून घेतले ते स्वतंत्रपणे लढण्याचे बळ. रिशेल्यू १६२४ मध्ये तेराव्या लुईचा मुख्यमंत्री झाला आणि दोनच वर्षांत, १६२६ मध्ये, सरहद्दीवर नसलेल्या गढ्यांची तटबंदी पाडण्याचा हुकूम निघाला. द्वंद्वयुद्धावर बंदी आली आणि ती मोडणाऱ्या बूतव्हिलच्या काउंटचे, मोमोरान्सीसारख्या थोर घराण्यातला असूनही, १६२७ मध्ये पॅरिसमध्ये शिर उडवले गेले. पण जमिनी, मानपान, शिकार, देवळातील पहिली जागा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राजाच्या फौजेतील अधिकारपदे, ही सगळी त्यांच्याकडेच राहिली.

इथे कोंदेच्या प्रिन्सची कथा वर्गात जरूर सांगा, कारण तिच्यात सगळा काळ दिसतो. हा राजघराण्याचाच माणूस. १६४३ मध्ये रोक्र्वाच्या लढाईत त्याने स्पेनच्या नामांकित पायदळाचा पराभव केला, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याच साली चौदावा लुई, वयाची पाच वर्षेही पूर्ण झालेली नसताना, गादीवर आला. १६४८ ते १६५३ या काळात 'फ्राँद' नावाचे बंड झाले. आधी पॅरिसचे न्यायाधीश उठले आणि मग बडे सरदार. १६४९ च्या जानेवारीत दरबाराला रातोरात पॅरिस सोडावे लागले, आणि दहा वर्षांच्या राजाला घेऊन त्याची आई व मुख्यमंत्री माझारिन बाहेर पडले. कोंदेने आधी दरबारासाठी पॅरिसला वेढा घातला, मग माझारिनशी बिनसल्यावर त्याला स्वतःला कैद झाली, सुटल्यावर त्याने बंड केले, ते फसल्यावर तो सरळ स्पेनला जाऊन मिळाला आणि काही वर्षे आपल्याच राजाविरुद्ध लढला.

एवढे केल्यावर त्याचे काय झाले असेल? १६५९ मध्ये फ्रान्स-स्पेन तह झाला तेव्हा त्याला माफी मिळाली, मालमत्ता परत मिळाली, आणि १६६८ मध्ये त्यानेच चौदाव्या लुईसाठी फ्रांश-कोंते हा प्रांत जिंकून दिला. पुढे १६७४ मध्ये हॉलंडच्या युद्धातही तोच सेनापती होता. राजाने त्याला मोडले असे म्हणता येणार नाही. राजाने त्याला असे स्थान दिले की राजाविरुद्ध लढून मिळण्यासारखे काहीच उरले नाही आणि राजासाठी लढून मिळण्यासारखे सर्व काही होते. १६८२ मध्ये दरबार व्हर्सायला कायमचा गेला, त्याकडेही याच दृष्टीने पाहावे. सरदार तिथे कैदेत नव्हते. पेन्शन, नेमणुका, लग्ने आणि मेहेरबानी तिथेच वाटली जात होती, म्हणून ते तिथे होते.

तुमच्या साखळीतला मध्यमवर्गाचा दुवाही थोडा दुरुस्त करावा लागेल. व्यापाऱ्यांनी राजाला पैसा दिला हे खरे, परंतु त्यातला मोठा भाग पदे विकत घेण्याच्या रूपाने दिला. न्यायाधीश, खजिनदार, मिठाच्या कोठाराचा अधिकारी, अशी हजारो पदे राजा विकत असे. १६०४ पासून पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दरवर्षी भरला की ते पद मुलाकडे वारशाने देता येऊ लागले. वरच्या पदांबरोबर उमरावपण आणि करमाफीही येत असे. म्हणजे मध्यमवर्गाने सरदारवर्ग हटवला नाही, तर त्याने त्यात प्रवेश विकत घेतला. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात वतनांच्या तंट्याचे मोडी कागद पाहताना मला या पदांची नेहमी आठवण येई. वतन मुख्यतः सनदेने मिळे आणि तिथले पद रोख पैसे मोजून, हा फरक मोठा आहे, परंतु एकदा घरात आलेला अधिकार पुन्हा सरकारजमा करणे किती अवघड असते, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

याच अडचणीतून इंटेंडंट नावाचा, प्रांतात राजाच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी पुढे आला. त्याचे पद विकाऊ नव्हते आणि राजाला वाटेल तेव्हा त्याला परत बोलावता येई. पण चौदाव्या लुईच्या काळात साऱ्या फ्रान्सला असे जेमतेम तीस इंटेंडंट होते आणि लोकसंख्या सुमारे २ कोटी होती. तीस माणसांनी दोन कोटींवर हुकूम गाजवला असे कोणी म्हणेल, तर माझा त्यावर विश्वास बसणार नाही. स्थानिक प्रतिष्ठितांशी जुळवून घेतल्याशिवाय त्यांना एक गावही हाकता आले नसते.

गिरणाकाठ

पांझराकाठ सरांच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे, पण त्यात दोन दुरुस्त्या सुचवतो, कारण 'उमराव कर भरतच नव्हते' हे विधान जसेच्या तसे मुलांपुढे ठेवणे योग्य होणार नाही. मी चाळीसगावचा असून जमिनीच्या दाव्यांचे काम करतो, त्यामुळे पहिली दुरुस्ती मला विशेष महत्त्वाची वाटते.

'ताय' हा कर सगळीकडे एकाच पद्धतीचा नव्हता. उत्तरेकडच्या बहुतेक प्रांतांत तो माणसावर होता, म्हणजे उमराव असेल तर माफ. परंतु लांगदॉक, प्रोव्हान्स अशा दक्षिणेकडच्या प्रांतांत तो जमिनीवर होता. जमीन 'उमरावी' म्हणून नोंदलेली असेल तर कसणारा कोणीही असला तरी ती माफ, आणि जमीन साधी असेल तर तिचा मालक ड्यूक असला तरी त्याला कर लागे. आपल्याकडे इनाम जमीन आणि सरकारी सारा भरणारी जमीन असा जो भेद होता, तो ज्यांच्या घरात अजून बोलला जातो त्यांना हे लगेच समजेल. माफी माणसाची की जमिनीची, हा प्रश्न तिथेही कोर्टात वर्षानुवर्षे चालत असे.

दुसरी दुरुस्ती चौदाव्या लुईच्या अखेरच्या काळाची. त्याची फौज १६९० च्या दशकात कागदोपत्री ४ लाखांच्या घरात गेली होती आणि शेतकऱ्याकडून आणखी काही निघण्यासारखे उरले नव्हते. तेव्हा १६९५ मध्ये त्याने डोईपट्टी बसवली. तिच्यासाठी साऱ्या प्रजेचे २२ वर्ग पाडले आणि पहिल्या वर्गात स्वतःच्या मुलाला, युवराजालाच, ठेवले. १७१० मध्ये उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा करही आला आणि तोही उमरावांना लागू होता. म्हणजे सर्वांत सामर्थ्यवान मानल्या गेलेल्या राजाने त्या जुन्या तडजोडीला हात घालून पाहिला. प्रत्यक्षात मात्र वजनदार लोकांनी सवलती काढल्या, आणि चर्चने ठोक रक्कम देऊन आपली सुटका करून घेतली.

आता इंग्लंडकडे पाहा, म्हणजे सरांचा मुद्दा उलट बाजूनेही सिद्ध होतो. तिथे पहिल्या चार्ल्सने १६२९ ते १६४० अशी ११ वर्षे पार्लमेंट न बोलावता राज्य केले. किनाऱ्यावरच्या परगण्यांकडून युद्धकाळी घ्यायची जहाजपट्टी त्याने १६३५ मध्ये शांततेच्या काळात आतल्या परगण्यांवरही लावली, आणि त्या वाटेने चालता चालता १६४९ च्या जानेवारीत त्याचा शिरच्छेद झाला. १६८८ च्या क्रांतीनंतर तिथल्या जमीनदारांनी स्वतःवरच, पार्लमेंटमध्ये मत देऊन, युद्धासाठी पौंडामागे ४ शिलिंग, म्हणजे उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाइतका जमीनकर बसवून घेतला. १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी दिले, कारण फेड करण्याची हमी एका राजाच्या मर्जीवर नव्हती, ती पार्लमेंटने दिलेली होती. अठराव्या शतकात माणशी पाहिले तर पार्लमेंटवाला इंग्लंड हा राजाच्या फ्रान्सपेक्षा जास्त कर गोळा करीत होता. 'अनियंत्रित' म्हणजे 'बलवान' असा जो अर्थ आपण नकळत घेतो, तो इथे साफ चुकतो.

जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग संस्थानात हीच तडजोड अगदी उघडी दिसते. १६५३ मध्ये तिथल्या जमीनदारांच्या सभेने इलेक्टरला, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याला, सहा वर्षांसाठी ५ लाख ३० हजार थालर (चांदीची नाणी) मंजूर केले आणि बदल्यात आपल्या कुळांवरचा आपला अधिकार लेखी मान्य करून घेतला. पुढे इलेक्टरने सभा बोलावणे सोडले, पण फौज वाढतच गेली. त्या पैशाने उभ्या राहिलेल्या फौजेतून प्रशिया जन्मला आणि त्याची किंमत तिथल्या शेतमजुराने दिली. रशियातही १६४९ च्या कायद्याने भूदासांना जमिनीशी कायमचे बांधले गेले ते याच व्यवहारातून.

सातपुड्याखाली

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. मी शहादा भागातील प्राथमिक शाळेत शिकवतो. माझ्या घरात अहिराणी बोलली जाते, वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात पावरी किंवा भिलोरी, पुस्तक प्रमाण मराठीत, आणि साहेबांचे पत्र कधी कधी इंग्रजीत. त्यामुळे राज्य आणि राष्ट्र यांतला फरक मला भाषेच्या बाजूने लवकर दिसतो.

फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिस राजाने १५३९ मध्ये व्हिलेर-कॉतरे येथून असा हुकूम काढला की न्यायालयांचे निवाडे, करारमदार, मृत्युपत्रे ही सर्व फ्रेंच भाषेतच लिहिली जावीत. पुष्कळ पुस्तकांत हे राष्ट्रभाषेचे पहिले पाऊल म्हणून दिलेले असते. परंतु हुकुमाचा रोख मुख्यतः लॅटिनवर होता, आणि तो दफ्तराबद्दल होता. शेतात, बाजारात, घरात माणसे काय बोलतात याच्याशी राजाला काही देणेघेणे नव्हते. दक्षिणेत ऑक्सितान, ब्रिटनीत ब्रेतों, १६४८ नंतर मिळालेल्या आल्सासमध्ये जर्मन, १६५९ मध्ये मिळालेल्या रूसियोंमध्ये कॅटलान, अशा भाषा निवांत चालू होत्या. क्रांतीनंतर, १७९४ मध्ये, ग्रेग्वार नावाच्या धर्मगुरूने राष्ट्रीय सभेपुढे अहवाल मांडला, त्यात त्याने म्हटले की किमान ६० लाख फ्रेंच लोकांना, विशेषतः खेड्यांत, राष्ट्राची भाषा येत नाही, आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांपेक्षा अधिक नाहीत. म्हणजे हुकमानंतर अडीचशे वर्षांनीही दफ्तराची भाषा आणि माणसांची भाषा वेगळ्याच होत्या.

मिठाचे उदाहरण तर भाषेहून बोलके आहे. एकाच राजाच्या राज्यात मिठावरच्या 'गाबेल' नावाच्या कराचे सहा वेगवेगळे विभाग होते. काही भागांत माणशी ठरलेले मीठ सरकारी कोठारातून विकत घेणे सक्तीचे होते, आणि शेजारचा ब्रिटनी प्रांत फ्रान्सशी जोडला जाताना मिळालेल्या हक्कांमुळे जवळजवळ मुक्त होता. दोन्हीकडच्या किमतीत अनेक पटींचा फरक असल्याने त्या सीमेवर मिठाची चोरटी वाहतूक हा गावोगावचा धंदा झाला होता, आणि त्यात बायका आणि लहान मुलेही पकडली जात. आपल्या गुजरात आणि मध्य प्रदेशच्या सीमा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना नाक्यांची कल्पना आहे, पण तिथे तर एकाच देशाच्या पोटात असे नाके होते, आणि मालावरच्या या अंतर्गत जकाती १७९० मध्ये, क्रांतीनंतर, उठल्या. ज्या देशात मीठ एका किमतीला मिळत नाही, कायदा एक नाही, मापे एक नाहीत, त्याला राष्ट्र-राज्य म्हणणे मला पटत नाही. ते एका घराण्याचे राज्य होते. लग्नाने, वारशाने, तहाने एकेक प्रांत जोडला गेला, आणि प्रत्येक प्रांताला त्याचे जुने हक्क राखून देण्याचे वचन राजाने दिले.

राजाच्या पदवीत झालेला बदल विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. सोळावा लुई 'फ्रान्सचा राजा' म्हणून गादीवर आला आणि १७९१ च्या राज्यघटनेत तो 'फ्रेंच लोकांचा राजा' झाला. पहिल्या पदवीत भूमी राजाची आहे, दुसऱ्या पदवीत लोक आधी आणि राजा त्यांचा. राष्ट्राची कल्पना या दोन पदव्यांच्या मधल्या अंतरात घडली.

आता ताई चोपड्याच्या आहेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सचा वकील सर थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून निघाला, तो नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेनेच बुऱ्हाणपूरला गेला. खानदेश मुघलांकडे जाऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. बुऱ्हाणपुरात शाहजादा परवेझच्या दरबारात त्याला जमिनीला डोके टेकवण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्याने नकार दिला, कारण तो स्वतःला चाकर न मानता एका राजाचा प्रतिनिधी मानत होता. त्याचा राजा जेम्स म्हणजे राजे हे पृथ्वीवर ईश्वराचे प्रतिनिधी असतात असे १६१० मध्ये पार्लमेंटलाच ऐकवणारा. पण त्याच जेम्सला १६१४ च्या पार्लमेंटने एक पैसाही मंजूर केला नाही, आणि रो स्वतः त्या पार्लमेंटचा सभासद होता. हिंदुस्थानातल्या या वकिलातीचा खर्च राजाच्या खजिन्यातून झाला नाही, तो ईस्ट इंडिया कंपनीने उचलला. ईश्वरी हक्क सांगणाऱ्या राजाचा वकील व्यापाऱ्यांच्या पैशावर तापीकाठाने गेला, ही गोष्ट तुमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे उभी राहील, कारण तो रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे.

तापीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. थॉमस रो चोपड्यावरून गेला हे मला आजवर माहीत नव्हते, आणि मी याच गावात वाढले आहे. जमिनीवरच्या माफीचा मुद्दा वाचून वडिलांना विचारले, तर त्यांनी आमच्या गावातल्या इनामाची गोष्ट अर्धा तास सांगितली.

एक शंका उरली आहे. आमच्या नोट्समध्ये असे ठळक अक्षरांत आहे की १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने सार्वभौम राष्ट्र-राज्यांची व्यवस्था सुरू झाली. वरची चर्चा वाचल्यावर हे वाक्यही तपासून घ्यावेसे वाटते. पांझराकाठ सर, यावर आपण सांगाल का?

पांझराकाठ

ताई, हे वाक्य इतके रूढ झाले आहे की ते काढून टाकायला मलाही उशीर लागला. आधी गिरणाकाठ यांच्या दोन्ही दुरुस्त्या मला मान्य आहेत, हे नोंदवतो. १६९५ ची डोईपट्टी मी सांगायलाच हवी होती.

वेस्टफालियाचे तह दोन होते, एक म्युन्स्टरला आणि एक ओस्नाब्रुकला. त्यांत काय होते ते पाहिले तर बहुतेक कलमे जर्मन साम्राज्याच्या अंतर्गत व्यवस्थेची आहेत. कोणत्या गावात कोणता पंथ चालावा यासाठी १६२४ हे वर्ष प्रमाण मानले गेले, राजा उद्या दुसऱ्या पंथाचा झाला तरी प्रजेने पंथ बदलण्याची गरज राहिली नाही, आणि संस्थानिकांना परकीयांशी करार करण्याचा अधिकार मिळाला, पण सम्राटाविरुद्ध तो वापरायचा नाही अशा अटीवर. प्रत्येक राज्य आपल्या हद्दीत सर्वश्रेष्ठ, असे सर्वसाधारण तत्त्व त्यांत कुठेही मांडलेले नाही. सार्वभौमत्वाची कल्पना त्याआधीच, १५७६ मध्ये, फ्रान्सच्या धर्मयुद्धांच्या काळात, बोदँ या फ्रेंच विचारवंताने मांडलेली होती.

शिवाय स्वीडनचा दाखला घ्या. या तहाने स्वीडनला पश्चिम पोमेरानिया मिळाला, परंतु तो जर्मन साम्राज्याचा भाग म्हणूनच राहिला. त्यामुळे स्वीडनचा सार्वभौम राजा त्या प्रांतापुरता सम्राटाचा मांडलिक झाला आणि साम्राज्याच्या सभेत त्याला जागाही मिळाली. सार्वभौम राष्ट्र-राज्यांची व्यवस्था सुरू झाली असती, तर असा गुंता शिल्लक राहिला नसता. ते साम्राज्य पुढे १८०६ पर्यंत चालले. १६४८ मध्ये तीस वर्षांचे युद्ध संपले आणि नेदरलँड्सचे स्वातंत्र्य स्पेनने मान्य केले, एवढे नक्की लिहावे. व्यवस्था सुरू झाली हे वाक्य मी गाळले असते.

गिरणाकाठ

ताईंच्या विद्यार्थिनीचा मूळ प्रश्न १७८९ चा होता, त्यामुळे तिथपर्यंत धागा आणून सोडतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मदत केल्यावर फ्रान्सचा खजिना कर्जात बुडाला. अर्थमंत्री कालोनने १७८६ मध्ये राजाला सुचवले की सर्व जमिनींवर, मालक कोणीही असो, सारखा कर बसवावा. १७८७ च्या फेब्रुवारीत बड्या लोकांची खास सभा बोलावून तो प्रस्ताव ठेवला गेला. सभेने हिशोब मागितला आणि प्रस्ताव अडवला, व कालोनला एप्रिलमध्ये जावे लागले. मग पॅरिसच्या पार्लमाँने, जे नावाने पार्लमेंटसारखे वाटले तरी न्यायालय होते, असे म्हटले की नवा कायमचा कर मंजूर करण्याचा अधिकार फक्त एस्टेट्स जनरलला, म्हणजे धर्मगुरू, उमराव आणि सामान्यजन यांच्या प्रतिनिधींच्या सभेलाच आहे. ही सभा शेवटची १६१४ मध्ये भरली होती. राजाला कर वसूल करण्यासाठी १७५ वर्षे जिची गरज पडली नव्हती, ती सभा त्याला ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला बोलवावी लागली.

पुढे ४ ऑगस्टच्या रात्री काही उमरावच उठून उभे राहिले आणि त्यांनी आपले हक्क सोडत असल्याचे जाहीर केले. प्रांतांच्या प्रतिनिधींनीही त्याच बैठकीत आपापल्या प्रांतांचे जुने हक्क सोडले, म्हणजे सातपुड्याखाली यांनी सांगितलेली ब्रिटनीची मिठाची सवलतसुद्धा. १४३९ पासून चालत आलेली करमाफी आणि प्रांताप्रांताला दिलेली वचने, दोन्ही एकाच रात्री गेली.

तापीकाठ

उद्या पहिल्या तासाला तिला उभे करून तिचाच प्रश्न पुन्हा विचारायला लावीन आणि फळ्यावर आधी १४३९ लिहीन. जुनी साखळी आता पुसते आहे. तासाला मुलांनी आणखी काही विचारले, तर ते इथे आणून ठेवीन.